पार्कलँडची पोरं, ‘पगारी नट’ आणि ‘शेवटी बदललं काय?’

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की एक जुना मजकूर पुन्हा फिरायला लागतो. तिथल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर येतो आणि तिथून इकडच्या काका-मावश्यांकडे. त्याचं सार असं: २०१८ साली फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत गोळीबार झाल्यावर जी मुलं टीव्हीवर बंदुकांविरुद्ध बोलत होती, ती पगारी नट होती. नट नसतील तर पढवलेली तरी होती. मागे अब्जाधीशांचा पैसा होता. मोर्चे काढण्यापेक्षा त्यांनी एकट्या पडलेल्या वर्गमित्राशी चार शब्द बोलायला हवे होते. आणि एवढा तमाशा करून बदललं काय? शून्य.

ज्यांची नातवंडं न्यू जर्सीत नाहीतर टेक्सासमध्ये शाळेत जातात, दिवे मालवून, दाराला कडी लावून वर्गाच्या कोपऱ्यात गप्प बसण्याची कवायत करतात, तीच मंडळी हे पुढे ढकलतात, म्हणून हा खटाटोप.

आधी घटना. १४ फेब्रुवारी २०१८, मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूल. शाळेतून काढलेल्या १९ वर्षांच्या माजी विद्यार्थ्याने एआर-१५ रायफलने सुमारे सहा मिनिटांत १७ जण मारले. त्यात १४ विद्यार्थी होते, तीन शाळेचे कर्मचारी. आणखी १७ जणांना गोळ्या लागल्या. मारेकऱ्याचं नाव मी लिहीत नाही, ते लोकांच्या तोंडी राहावं अशी त्याचीच इच्छा होती.

‘ती मुलं नट होती.’

याचा उगम सापडतो. २० फेब्रुवारीला फ्लोरिडातल्या एका आमदाराच्या साहाय्यकाने टँपाच्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराला ईमेल केली, की फोटोतली दोन मुलं विद्यार्थी नसून जिथे संकट येईल तिथे फिरणारे नट आहेत. त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. ती मुलं आमचीच आहेत, असं शाळांच्या जिल्हाप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी याच आरोपाचा व्हिडिओ यूट्यूबवर सर्वाधिक चर्चेतल्या व्हिडिओंत पहिल्या क्रमांकावर होता. यूट्यूबने तो काढेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

व्हिडिओतला ‘पुरावा’ काय? टीव्हीवर बोलणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एक, डेव्हिड हॉग, २०१७ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात असताना समुद्रकिनाऱ्यावर त्याच्या मित्राची जीवरक्षकाशी बाचाबाची झाली. हॉगने ती चित्रित केली आणि तिथल्या वाहिनीने दाखवली. बस. त्याचं कुटुंब पूर्वी तिथेच राहायचं. हा न्याय लावला तर मे महिन्यात कोकणात गेलेलं प्रत्येक मुंबईकर पोर नट ठरेल. गोळीबाराच्या दिवशी हाच हॉग अंधाऱ्या खोलीत इतरांसोबत लपून बसला होता आणि मोबाइलवर वर्गमित्रांच्या मुलाखती घेत होता. शाळेच्या वृत्तवाहिनीत तो काम करायचा. आपण यातून जिवंत बाहेर पडू की नाही, हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांच्यात नाटकवाला होता, तो कॅमरन कॅस्की. शाळेच्या नाटकातलं माझं काम पाहिलं असतं तर मला कुणी अभिनयाचे पैसे देईल असं तुम्ही म्हटलंच नसतं, या अर्थाचं उत्तर त्याने टीव्हीवर दिलं होतं.

याच पोटातली दुसरी थाप म्हणजे याच शाळेच्या विद्यार्थिनी एक्स गोन्झालेझ (तेव्हाचं नाव एमा) अमेरिकेची राज्यघटना फाडत आहेत, असं चित्र. मूळ चित्रात त्या नेमबाजीच्या सरावाचा कागदी लक्ष्यफलक फाडत होत्या. कागद बदलला आणि ते चित्र जगभर गेलं.

‘बरं, नट नसतील, पण एवढी मुद्देसूद बोलतात म्हणजे कुणीतरी पढवलेलं असणार.’

पढवलं होतंच, शाळेने. पार्कलँड ज्या ब्रॉवर्ड काउंटीत आहे तिथल्या सरकारी शाळांमध्ये वादविवाद रीतसर शिकवतात, आणि त्या वर्षी तिथल्या काही मुलांनी वादविवादासाठी बंदूक नियंत्रणाचाच विषय तयार केला होता. १७ फेब्रुवारीला फोर्ट लॉडरडेलच्या न्यायालयासमोर गोन्झालेझ यांनी जे भाषण केलं, ते करताना राज्यशास्त्राच्या तासाच्या वह्या-टिपणं हातात होती. आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवणाऱ्या मुलीचं कौतुक होतं. तीच मुलगी आमदाराला प्रश्न विचारायला लागली की मात्र तिचा बोलविता धनी शोधतात.

शिवाय सगळ्यांना एकाच माणसाने पढवलं असतं तर त्याच शाळेचा काइल कशुव्ह उलट बाजूने कसा बोलला असता? बंदुकीच्या हक्काचा तो उघड समर्थक होता, आणि शाळांच्या सुरक्षेसाठी निधी देणाऱ्या वेगळ्या केंद्रीय कायद्यासाठी वॉशिंग्टनमध्ये खेटे घालत होता.

‘अब्जाधीशांचा पैसा.’

आला, हे खरं आहे. मुलांनी २४ मार्चला वॉशिंग्टनमध्ये काढलेल्या मोर्चासाठी जॉर्ज क्लूनी, ओप्रा विन्फ्री, स्पीलबर्ग, कॅट्झेनबर्ग या मनोरंजन क्षेत्रातल्या धनिकांनी प्रत्येकी पाच लाख डॉलर दिले आणि ते जाहीर केलं. एव्हरीटाउन या बंदूक नियंत्रणासाठी झटणाऱ्या मोठ्या संघटनेने आयोजनाला हात दिला. सामान्य लोकांच्या वर्गणीतूनही लाखो डॉलर जमले. या मोर्चाबद्दल आणखी एक गोष्ट आरोप करणाऱ्यांच्या बाजूची आहे. तेव्हा मेरीलँड विद्यापीठात असलेल्या समाजशास्त्रज्ञ डेना फिशर यांच्या पाहणीत तिथले जेमतेम दहा टक्के लोक १८ वर्षांखालचे निघाले. म्हणजे ‘मुलांचा मोर्चा’ मुख्यतः मोठ्यांनी भरला होता. पण बोलणारी, मागण्या ठरवणारी मुलंच होती. आणि पैशाचाच हिशेब मांडायचा तर पुरा मांडा: बंदुकीच्या हक्कासाठी लढणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशनने एकट्या २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ट्रम्प यांच्यासाठी तीन कोटी डॉलरच्या आसपास खर्च केले होते.

‘मोर्चे कसले काढता, एकट्या मुलाशी जाऊन बोला.’

वरवर हे फार सालस वाटतं आणि मला तरी हाच आरोप सगळ्यांत क्रूर वाटतो. १४ मार्चला देशभरातली मुलं १७ मिनिटांसाठी वर्गाबाहेर पडली, तेव्हा हा उपदेश सुरू झाला. त्याचा अर्थ असा होतो, की तुम्ही त्याच्याशी नीट वागला असता तर तुमचे मित्र मेले नसते. याच शाळेतल्या एका मुलीने न्यूयॉर्क टाइम्समध्ये याला उत्तर लिहिलं. माध्यमिक शाळेत असताना पुढे मारेकरी झालेल्या या मुलाने तिच्या पाठीत सफरचंद फेकून मारलं होतं. पुढे अभ्यासात मदत करण्यासाठी तिची नेमणूक त्याच्यासोबतच झाली, आणि ती ते काम करायला बसलीही. चार शब्द बोलून झाले होते. मोठ्या माणसांनाही इशारे मिळाले होतेच: जानेवारी २०१८ मध्ये एफबीआयच्या दूरध्वनीवर एका ओळखीच्या व्यक्तीने त्याच्याबद्दल सविस्तर सांगितलं, ते पुढे कुणी पाठवलंच नाही.

‘शेवटी बदललं काय?’

हा मुद्दा भल्या माणसांनाही पटतो, कारण शाळांतले गोळीबार थांबलेले नाहीत. तीनच महिन्यांनी टेक्सासमधल्या सांता फे हायस्कूलमध्ये दहा जण गेले. २०२२ मध्ये टेक्सासमधल्याच युवाल्डीच्या प्राथमिक शाळेत १९ लहान मुलं आणि दोन शिक्षिका. तेव्हा ‘शून्य’ म्हणणाऱ्याची निराशा मला कळते. पण शून्य हा आकडा चुकीचा आहे.

२० फेब्रुवारीचीच गोष्ट घ्या. पार्कलँडच्याच विद्यार्थिनी जॅकलिन कॉरिनच्या पुढाकाराने शंभरेक विद्यार्थी बसने टॅलाहासीला, म्हणजे फ्लोरिडाच्या राजधानीला निघाले होते. जवळपास सातशे किलोमीटरचा प्रवास. ते पोचण्याआधीच प्रतिनिधी सभागृहाने एआर-१५सारख्या रायफलींवर बंदी घालणारं विधेयक चर्चेला घ्यायचा प्रस्ताव ३६ विरुद्ध ७१ मतांनी फेटाळला. त्यांच्या शाळेतल्या काही मुली आधीच प्रेक्षक गॅलरीत बसलेल्या होत्या. त्यांपैकी एकीचा तोंडावर हात ठेवून रडतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी सगळीकडे होता. त्याच दिवशी त्याच सभागृहाने अश्लील चित्रणामुळे सार्वजनिक आरोग्याला धोका असल्याचा ठराव मात्र संमत केला.

इथे गोष्ट संपली असती तर फिरणारा मजकूर बरोबर ठरला असता. मुलं दुसऱ्या दिवशी गटागटाने आमदारांना भेटत राहिली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तेच विधिमंडळ नव्या कायद्यावर मतदान करत होतं: वरिष्ठ सभागृहात २० विरुद्ध १८, कनिष्ठात ६७ विरुद्ध ५०. ९ मार्चला, गोळीबारानंतर २३ दिवसांनी, गव्हर्नर रिक स्कॉट यांनी त्यावर सही केली. हे रिपब्लिकन पक्षाचे, रायफल असोसिएशनकडून ‘ए प्लस’ ही सर्वोच्च श्रेणी मिळवलेले गृहस्थ.

त्या कायद्यात काय होतं ते मारेकऱ्याच्या कृत्याशी ताडून पाहा. त्याने रायफल १८ व्या वर्षी कायदेशीर विकत घेतली होती. नव्या कायद्याने कुठलीही बंदूक विकत घ्यायचं वय २१ केलं, आणि विकत घेतल्यावर ताबा मिळायला तीन दिवसांची मुदत रायफलींनाही लावली. त्याच्याबद्दल इशारे होते, पण धोकादायक माणसाकडून बंदूक काढून घेण्याचा सोपा कायदेशीर मार्ग पोलिसांकडे नव्हता. आता पोलीस न्यायालयात अर्ज करून वर्षभरापर्यंत शस्त्रं काढून घेण्याचा आदेश मिळवू शकतात. पार्कलँडपूर्वी अशी तरतूद फक्त पाच राज्यांत होती. २०१८ संपेपर्यंत तेरा राज्यांत झाली, २०२३ पर्यंत एकवीस राज्यांत. व्हर्माँट, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय इथेही सही करणारे गव्हर्नर रिपब्लिकनच होते. १८ ते २९ वयोगटाचं मतदान मध्यावधी निवडणुकीत २०१४ मध्ये २० टक्के होतं, २०१८ मध्ये ३६ टक्के झालं.

युवाल्डीनंतर जून २०२२ मध्ये बायडन यांनी सही केलेला केंद्रीय कायदा सुमारे तीस वर्षांतला बंदुकांवरचा पहिला मोठा कायदा होता, आणि २१ वर्षांखालच्या खरेदीदारांची जादा तपासणी त्यात आहे. त्याचं सगळं श्रेय पार्कलँडला देता येणार नाही.

मुलं हरली कुठे, तेही सांगायला हवं. रायफलबंदी त्यांना मिळाली नाही. त्याच मार्चच्या कायद्यात शाळेच्या कर्मचाऱ्यांना शस्त्रं देण्याची योजना होती, जिला यातल्या बहुतेक मुलांचा विरोध होता, आणि पुढच्या वर्षी ती वर्गशिक्षकांपर्यंत वाढवली. २०२३ मध्ये फ्लोरिडाने विनापरवाना लपवून बंदूक बाळगण्याची मुभा दिली.

आणि तरी ‘काहीच बदललं नाही’ हे ज्यांना कधीच पटलं नाही ते रायफल असोसिएशनचे लोक. गव्हर्नरांनी सही केली त्याच दिवशी त्यांनी २१ वर्षांच्या अटीविरुद्ध खटला भरला. सात वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, केंद्रीय अपील न्यायालयाने अट वैध ठरवली. फ्लोरिडाच्या प्रतिनिधी सभागृहाने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षं रायफल खरेदीचं वय परत १८ वर आणणारं विधेयक मंजूर केलं, आणि तिन्ही वेळा ते वरिष्ठ सभागृहात अडकलं.