‘कल्चर कशाला, स्ट्राँग औषध मागा’: रक्तातल्या इन्फेक्शनच्या फॉरवर्डला उत्तर

दाखल असलेल्या कुणाच्या रक्तात जंतू सापडले, की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. त्यात पाच गोष्टी ठणकावून सांगितलेल्या असतात: हे हॉस्पिटलच्या घाणीतूनच लागतं, ताप नसेल तर चिंता नको, ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) म्हणजे वेळकाढूपणा, थेट सगळ्यात स्ट्राँग अँटिबायोटिक मागा, आणि रक्तात पसरलं की खेळ खलास.

घाणीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), डायलिसिसचा कॅथेटर, लघवीची नळी यांतून जंतू शिरतात आणि हे बऱ्याच अंशी टाळता येतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या आयसीयूंनी हात धुणं, निर्जंतुक गाऊन-चादरी, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपताच लाइन काढणं एवढं कसोशीने पाळलं. दीड वर्षात लाइनमुळे होणाऱ्या संसर्गांत 66 टक्क्यांपर्यंत घट झाली. पण ‘हॉस्पिटलमुळेच’ हे खरं नाही. कित्येक जण मूत्रमार्गातला, फुप्फुसातला किंवा पित्तमार्गातला संसर्ग घेऊनच दाखल होतात. केमोने पांढऱ्या पेशी घसरल्या की स्वतःच्याच आतड्यातले जंतू रक्तात उतरतात.

ताप? म्हाताऱ्या माणसात किंवा स्टेरॉइडवरच्या रुग्णात तो येईलच असं नाही. अचानक असंबद्ध बोलणं, धाप, लघवी कमी होणं यांकडे बघा.

सगळ्यात घातक सल्ला कल्चरबद्दलचा. ‘एवढं रक्त कशाला?’ हा प्रश्न नेहमीचा. प्रौढ रुग्णाच्या एका मिलीलिटर रक्तात कधीकधी एखादाच जंतू असतो, म्हणून एकेका बाटलीत 8 ते 10 मिली घ्यावं लागतं. आणि दोन जागी टोचतात ते छळायला नाही: त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस एकाच बाटलीत वाढला, तर तो बहुधा सुईबरोबर आलेला असतो. नमुना शक्यतो पहिल्या डोसआधी घेतात, पण रिपोर्टसाठी औषध अडवून ठेवत नाहीत. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब धोकादायक खाली गेला की, ते तासाभरात सुरू व्हायला हवं. रिपोर्ट आला की औषध नेमकं करता येतं. मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निघाला, तर ‘भारी’ व्हँकोमायसिनपेक्षा साधं सेफाझोलिन सरस ठरतं. स्ट्राँग म्हणजे नेमकं काय, हे त्या मेसेजवाल्याला कुणीतरी विचारावं.

उरला खेळ खलास. रक्तातल्या इन्फेक्शनला 7 दिवस औषध पुरतं की 14 लागतात, हे बघणाऱ्या आणि 2024 मध्ये आलेल्या ‘बॅलन्स’ या चाचणीत 3,608 रुग्ण होते. 7 दिवस औषध घेतलेल्यांत 90 दिवसांतले मृत्यू 14.5 टक्के, 14 दिवसवाल्यांत 16.1 टक्के. म्हणजे बहुतेक जण वाचले, तेही निम्म्या कोर्सवर. स्टॅफ ऑरियसचे रुग्ण मात्र त्या चाचणीत घेतले नव्हते. तो वेगळाच प्रकार: मृत्यू 20 ते 30 टक्क्यांच्या घरात, पुन्हा पुन्हा कल्चर, हृदयाची झडप बघायला इको आणि किमान 14 दिवस औषध. तेव्हा डॉक्टरांना विचारायचंच असेल तर जंतू कोणता, तो शिरला कुठून आणि ती लाइन, ते गळू किंवा तुंबलेली पित्तनलिका मोकळी केली का, हे विचारा. पू आत तसाच राहिला तर औषध बदलून फारसं हाती लागत नाही.