पट्टा नकली नाही, साहेब

नमस्कार साहेब. माझ्या धारेच्या दुकानाला एक तारा देऊन, वस्तरा घासायच्या पट्ट्याची तक्रार तुम्ही मराठीत लिहिलीत, म्हणून मीही मराठीतच उत्तर देतो. दोन दिवस लिहू की नको असं चाललं होतं.

आधी माफी. रंगपंचमीच्या दिवशी तुम्ही आपल्या इंदुरातल्या विजयनगरहून एवढ्या लांब आलात आणि दुकानाला कुलूप होतं, ही चूक माझी. आदल्या दिवशी ‘उद्या येऊन घेऊन जा’ असं मीच बोलून बसलो. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक येते, त्या दिवशी आमच्या गल्लीत शटर वर केलं तर आतल्या कात्र्यासुद्धा गुलाबी होतील, हे सगळा जन्म इथे काढूनही माझ्या ध्यानात आलं नाही. (तुम्हीही इंदूरचेच, पण ते असो.) वस्तरा दोन दिवस उशिरा मिळाला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

धारेचे तीनशे रुपये जास्त वाटले, असंही लिहिलंत. तुमच्या आजोबांचा जर्मनीतल्या सोलिंगेनचा वस्तरा, धारेला मधोमध खपली उडालेली. ती काढायला हजार नंबरच्या दगडावर बसलो, मग त्याहून बारीक चार हजार, मग आठ हजार. दोन तास गेले. वाटले असतील जास्त, वाद घालत नाही.

पण ‘नकली रेक्झिनचा पट्टा, आठ दिवसांत फाटला, वस्तराही बोथट’ हे मात्र लागलं. तो पट्टा म्हशीच्या कातड्याचा आहे, मागे कॅनव्हास, आणि शिवण माझ्या हातची.

तुम्ही जो फोटो टाकलाय तो सुनेने मोबाइलवर मोठा करून दाखवला. वरच्या कडीपासून चार बोटांच्या आत सात-आठ चिरा आहेत, आडव्या, चंद्रकोरीसारख्या. कातडं तिथे ओठासारखं उचललंय आणि आत पिवळट, लव आल्यासारखे तंतू दिसताहेत. रेक्झिन चिरलं की खालून विणलेलं कापड दिसतं. तुमच्या चिरेत कापड कुठे दिसतंय, तुम्हीच बघा.

आणि चिरा नेमक्या कडीजवळच का? कारण वस्तरा उलटायची जागा ती. तिथे तो पाठीवर, म्हणजे पात्याच्या जाड कडेवर उलटायचा असतो, पाठ कातड्यावरून उचलायचीच नाही. घाईत धारेवर उलटला की धार कातड्यात घुसते. चालवतानाही पाठ पुढे आणि धार मागून ओढत न्यायची. पट्टा ताणलेला हवा, सैल सोडला की तो पोटात झोळ घेतो आणि धारेची कड गोल होते. मग वस्तरा केस कापत नाही, ओढतो. तुम्ही लिहिलंय ना, चौथ्या दाढीला गाल ओढला गेला, तो त्यामुळे. पट्टा काही धार लावत नाही, धार दगडावर लागते. दाढी करताना धारेची कड अगदी बारीक इकडेतिकडे वळते, ती पट्ट्यावर सरळ होते, एवढंच. दाढीच्या आधी वीसेक फेऱ्या कॅनव्हासवर, मग चाळीसेक कातड्यावर, सावकाश. सिनेमातला न्हावी फटाफट आवाज काढतो तो बघायला ठीक आहे.

हे सगळं मी, तुम्ही वस्तरा न्यायला आलात त्या दिवशी सांगितलं होतं, साहेब. माझा जुना पट्टा खिळ्याला लावून, एक बोथट वस्तरा तुमच्या हातात देऊन म्हटलं, माझ्यासमोर दहा फेऱ्या मारा. तुम्ही म्हणालात, ‘काका, व्हिडिओत सगळं बघितलंय,’ आणि माझ्या हाताचं शूटिंग करत राहिलात. दुकानात काका म्हणालात, इथे ‘लुबाडणारा म्हातारा’ लिहिलंत. म्हातारा आहेच, त्याचं काही नाही.

वडिलांच्या वेळी राजवाड्याभोवतीच्या सगळ्या सलूनचे वस्तरे आमच्याकडे यायचे. मग अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी ब्लेड, आणि ते योग्यच झालं, एकाच पात्याने दहा जणांची दाढी नकोच. आता टेलरच्या कात्र्या आणि केटररच्या सुऱ्यांवर घर चालतं. वस्तऱ्याची महिन्याला तीन-चार गिऱ्हाइकं, आणि ती तुमच्यासारखीच मोबाइलवर वाचून येतात. तुमचा एक तारा त्यांना सगळ्यात आधी दिसतो.

यापुढे पट्टा कसा वापरायचा त्याचा कागद छापून सोबत द्यायचा विचार आहे. वेळेच्या बाबतीतही लक्ष ठेवू.

पट्टा टाकून देऊ नका, घेऊन या. उचललेलं कातडं चिकटवून वरून बारीक पॉलिश पेपर मारला की चिरा बसतात, त्याचे पैसे घेणार नाही. वस्तरा पुन्हा दगडावर घ्यावा लागेल, त्याचे अर्धे द्या. गुरुवारी दुकान बंद असतं, बाकी अकरानंतर कधीही.

आणि एक राहिलं. फोटोत पट्टा बाथरूमच्या नळाला टांगलेला दिसतोय आणि वस्तरा तिथेच ओल्या फळीवर. ते जुनं पोलाद आहे, लगेच गंज धरतं. आजच पुसून, धारेला तेलाचं बोट लावून दुसऱ्या खोलीत ठेवा.