मोबाईलवर टॅली चालवायला लावणाऱ्यांनो, एकदा स्वतः चालवून बघा

मी ऑफिसात टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, एंट्री मारते. मावसबहिणीच्या केळवणाला साताऱ्याला गेले होते. रीतसर रजा टाकून. पानं वाढली आणि सरांचा फोन. ‘मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे. खरेदीचं एक बिल राहिलंय, मोबाईलवरनंच टाका. आज वीस तारीख आहे.’

थ्रीबीची, म्हणजे जीएसटीच्या दर महिन्याच्या रिटर्नची, वीस तारीख मला झोपेतही आठवते, ती मला कोणी सांगायची गरज नाही. ते बिल महिनाभर परचेसवाल्याच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं, त्याला मात्र कोणी एका शब्दाने विचारलं नाही. आणि ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्या माणसाचा मला मनस्वी राग येतो. ज्याला ते काम कधी करावं लागलं नाही तोच असं म्हणतो.

जेवण टाकून हॉलच्या मागे नळापाशी गेले, कारण रेंज फक्त तिथे. रिमोट डेस्कटॉपचं ॲप उघडलं, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरची स्क्रीन मोबाईलवर दाखवणारं. टॅलीची अख्खी स्क्रीन तळहाताएवढी झालेली, अक्षरं मुंगीएवढी. झूम केलं की निम्मं टॅली बाहेर. कीबोर्ड वर आणला की उरलेलं निम्मं झाकलं. खरेदीच्या एंट्रीच्या एफ९ साठी आधी ती कीबोर्डवरची पट्टी सरकवत बसायचं. पार्टी नवीन, म्हणजे ऑल्ट आणि सी दाबून तिचं लेजर, म्हणजे खातं, उघडायचं. ऑल्ट दाबलं की ते अडकूनच राहतं, मग पुढचं प्रत्येक अक्षर टॅलीला हुकूम वाटतो आणि भलतीच स्क्रीन उघडते.

मग जीएसटी नंबर. पंधरा अक्षरं. आधी २७, मग पाच अक्षरं, मग चार आकडे, परत एक अक्षर, परत आकडा, मग झेड आणि शेवटी आणखी एक. प्रत्येक वेळी कीबोर्ड आकड्यांवरून अक्षरांवर आणि अक्षरांवरून आकड्यांवर. वर दाबलेलं लगेच उमटतही नाही. इथे बोट टेकवलं की ते पुण्याच्या सर्व्हरवर जाणार, तिथल्या टॅलीत उमटणार आणि मग त्याचं चित्र परत माझ्याकडे येणार. रेंज दोन काड्या. आकडा दिसला नाही म्हणून परत दाबावा, तर दोन्ही एकदम उमटतात.

बिलाचा फोटो कुठे? त्याच मोबाईलवर, व्हॉट्सॲपवर. नंबर बघायला तिकडे गेलं की इकडचं कनेक्शन तुटतं. शेवटी नंबर पेनाने तळहातावर लिहून घेतला. परत आत शिरते तोवर गोडाऊनच्या पोराने लॉगिन करून मला बाहेर काढलेलं. मी त्याला काढलं, त्याने मला. आणि तुटलेलं सेशन मिनिटभरात बंद करायचं असं आमच्या आयटीवाल्याने लावून ठेवलंय, त्यामुळे अर्धं भरलेलं लेजर गेलं. सगळं पहिल्यापासून. आत पंगत उठली, मावशी दोनदा बोलवायला येऊन गेली.

ही मारामारी का होते, तर रिमोट डेस्कटॉपचे परवानेच घेतलेले नाहीत. सुरुवातीची १२० दिवसांची सवलत केव्हाच संपली. आता ॲडमिनच्या दोन जागा आणि त्यावर तुटून पडणारे आम्ही सगळे. सांगितलं की उत्तर ठरलेलं: ‘तुमचं नेट स्लो असेल.’ नाहीतर ‘ॲप काढून परत टाका.’

तंत्राला मी नावं ठेवत नाही. लांबून सर्व्हर वापरायचं हे तंत्र जुनं आहे: सिट्रिक्सचं विनफ्रेम १९९५ चं, मायक्रोसॉफ्टची एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती १९९८ ची. थिन क्लायंटवर, म्हणजे सगळं काम सर्व्हरवर सोपवणाऱ्या टेबलावरच्या छोट्या डब्यांवर, ऑफिसंच्या ऑफिसं चाललीत आणि नीट चाललीत. पण तिथे सर्व्हरवर जातो तो संगणक! मॉनिटर, कीबोर्ड, माऊस माणसासमोर टेबलावरच राहतात. आमच्याकडे तेही काढून घेतलं आणि वर ‘ॲक्सेस दिलाय’ म्हणतात. किल्लीच्या भोकातून घर झाडायला सांगण्यातला प्रकार आहे हा. टॅलीचाही दोष नाही. ते मुळात कीबोर्डवर बोटं चालवणाऱ्यांसाठीच आहे, ऑफिसात तीच एंट्री मी स्क्रीनकडे न बघता मारते.

ज्या दिवशी ही मोबाईलवरची सोय घेतली त्या दिवशी विक्रेता केबिनमध्ये बसून मोठ्या टॅबवर दाखवत होता. एसी, वायफाय, सर्व्हर शेजारच्या खोलीत. बॅलन्स शीट उघडली, बोटाने वर-खाली केली, सर खूश. एक व्हाउचर, म्हणजे एक एंट्री, टाकून दाखव म्हणायचं कोणाला सुचलं नाही, आणि मला आत बोलावलंच नव्हतं. ज्याने रिपोर्ट फक्त बघायचे त्याच्या पसंतीने ते घेतलं आणि एंट्री मारणारीच्या गळ्यात बांधलं.

तेव्हापासून लॅपटॉपचं नाव काढलं की ‘मोबाईलवर होतंय की’. दिवाळीनंतर देतो म्हणाले होते. दिवाळी गेली, मार्च एंड गेला, ऑडिट गेलं. मोबाईल माझा, रिचार्ज माझा, डोळे माझे. शिवाय त्या दिवसाची रजा रजाच धरली, काम केलेलं कुठेच मांडलं नाही.

होत नाहीये मोबाईलवर. मी ते करून दाखवते म्हणून तुम्हाला होतंय असं वाटतं. लॅपटॉप द्या, परवान्यांचे पैसे भरा, नाहीतर रजेच्या दिवशी मला फोन करू नका.