यसवाली एन्थ्रॉपी

दहावीला इंग्रजीत एक्क्याण्णव मार्क पडले होते, हे मी हॉस्टेलवर नको तितक्या जणांना सांगून ठेवलं होतं. त्याची फेड इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या थर्मोडायनॅमिक्सने केली.

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर आलेख काढला, हाताचा खडू झटकला आणि म्हणाले, "डोन्ट मिक्स एन्थ्रॉपी विथ एन्थ्रॉपी. बोथ आर सेपरेट."

मी पेन खाली ठेवलं. उष्णतेच्या हिशेबातली एन्थाल्पी वेगळी, तिचं चिन्ह 'एच', आणि एन्ट्रॉपी वेगळी, तिचं 'एस', एवढं पुस्तक चाळून कळलं होतं. क्लाउझियस नावाच्या जर्मन माणसाने 1865 साली 'एन्ट्रॉपी' हा शब्द घडवला, तोच मुळी 'एनर्जी'सारखा ऐकू यावा म्हणून. म्हणजे घोळाची पायाभरणी तिकडेच झालेली. सरांनी वर स्लॅब टाकला.

धीर करून मी उभा राहिलो. अस्खलित इंग्रजीत विचारलं, की सर, आत्ता आपण नेमकी कोणती म्हणालात, 'एच' की 'एस'?

सर म्हणाले, "यस."

आमच्याकडे एल, एम, एन, एस यांचं यल, यम, यन, यस होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हे 'यस' अक्षर होतं की होकार, ते मला सेमिस्टर संपेपर्यंत कळलं नाही. खाली बसलो.

(तुम्ही आता हवा यावी म्हणून खिडकी उघडायला लावून वर्गात 'एअरफोर्स' आत सोडणाऱ्या सरांच्या किश्श्याची वाट बघत असाल. तो मी सांगणार नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजात तो 'आमच्याच सरांनी' केलेला असतो.)

खरं दुःख पुढेच होतं. मी कोरी वही घेऊन बसायचो आणि शेजारचा बार्शी भराभरा लिहीत असायचा. गावावरून नाव पडलेला हा मुलगा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी बोलायची वेळ आली की पाणी प्यायला जायचा. एकदा त्याची वही ओढून पाहिली. सगळं बरोबर, वर आकृत्यासुद्धा.

"तुला कळतं कसं रे हे?"

"आरं, सर मराठीतच शिकवत्यात की! वरनं नुसतं इंग्रजी पांघरल्यालं हाय."

मग त्याने प्रात्यक्षिक दिलं. सर त्या दिवशी लेटंट हीट शिकवत होते. "वॉटर हंड्रेड डिग्री. फ्लेम इज ऑन. टेम्परेचर इज सिटिंग देअर ओन्ली. हीट इज गोइंग, गोइंग. व्हेअर गोइंग? वॉटर ईट द हीट, बट नॉट शो ऑन फेस."

बार्शी कानात कुजबुजला, "पाणी शंभरावर. जाळ चालूच. तापमान तिथंच बसलंय. उष्णता चाललीय, चाललीय. कुठं चाललीय? पाणी खातंय, पण तोंडावर दिसू देत नाही."

अहो, किती सुंदर! शंभर अंशांच्या एक किलो पाण्याची वाफ व्हायला 2257 किलोज्यूल लागतात, तोवर थर्मामीटर हलत नाही. पुस्तकात हे वाचून मी तीनदा झोपलो होतो. सरांनी ते पातेल्यासकट समोर आणून ठेवलं होतं आणि मी मात्र क्रियापदाला 'एस' लागला नाही म्हणून कपाळाला हात लावून बसलो होतो.

त्या दिवसापासून बार्शी माझा दुभाष्या झाला. तासाला एक प्लेट कांदाभजी, सबमिशनच्या आठवड्यात दोन. (2021 साली देशातलं तंत्रशिक्षण बघणाऱ्या एआयसीटीईने मराठीतून इंजिनीयरिंग शिकवायला परवानगी दिली, तेव्हा मी हौसेने त्याला फोन केला. तो म्हणाला, "आपल्याकडं 2006 लाच चालू होतं की, लका.")

तरी खोड जाते थोडीच. तोंडी परीक्षेला एक्स्टर्नल आले. त्यांनी मॉलियर चार्ट पुढे सरकवला. त्यात एन्थाल्पी उभ्या अक्षावर, एन्ट्रॉपी आडव्या. मी आदल्या रात्री आरशासमोर तयार केलेलं इंग्रजी सोडलं, गौण वाक्यांसह. एक्स्टर्नलनी आमच्या सरांकडे पाहिलं. सरांनी पंख्याकडे पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर तो भाव होता जो मी चार महिने वर्गात घेऊन बसलो होतो.

"वन्स मोअर," एक्स्टर्नल म्हणाले. "स्लो."

मला खिडकीबाहेर बार्शी दिसला. भज्यांचा हिशेब बाकी होता. मी घसा खाकरला.

"सर, धिस लाइन स्टँडिंग. धिस लाइन स्लीपिंग. ऑन स्लीपिंग लाइन, एन्थ्रॉपी."

दोघेही खुर्चीत पुढे सरकले.

"व्हिच एन्थ्रॉपी?"

"यस."

"व्हेरी गुड," एक्स्टर्नल म्हणाले. "नेक्स्ट."