प्लगमधल्या डब्याने अँपिअर उतरतात, बिल नाही

माळ्यावरचे कूलर खाली उतरले की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावांत एक मेसेज हमखास फिरू लागतो. यंदा एकाच आठवड्यात तो मला चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: 'नवीन तंत्रज्ञानाचा पॉवर सेव्हर प्लगमध्ये लावा. वाया जाणारी वीज परत वापरात येते, बिल ४० टक्के कमी. क्लॅम्प मीटर लावून स्वतः पाहा. व्होल्टेज स्थिर राहते. मोठे कारखाने हेच वापरतात. शेतातल्या मोटरलाही चालतो.'

शेजारच्या काकाजींनी बाजारातून असे दोन डबे आणले, एक घरासाठी आणि एक विहिरीवरच्या मोटरसाठी. मी म्हटलं, परत करून या. ते म्हणाले, "अँपिअर कमी झालेले म्या माह्या डोयानं पाह्यले ना भाऊ." मोटर रिवाइंडिंगचं दुकान मी बरीच वर्षं चालवतो, त्यामुळे काकाजींना काय दिसलं ते मला ठाऊक आहे. म्हणून अँपिअरचीच गोष्ट आधी.

क्लॅम्प मीटर म्हणजे तारेभोवती धरला की तिच्यातले अँपिअर, म्हणजे प्रवाह, दाखवणारा मीटर. त्यावरचा आकडा खरोखर उतरतो, त्यात हातचलाखी नाही. कूलरच्या मोटरला काम करायला वीज लागते, तशी आतलं चुंबकत्व तयार करायलाही लागते. ही दुसरी वीज खर्च होत नाही, ती लाइनवरून नुसती ये-जा करते. गाडीभर कापूस जिनिंगला नेला आणि न विकता तसाच परत आणला, तर पावती फाटत नाही, पण रस्त्यावर गाडीचा भार मात्र दोनदा पडतो. डब्यात एक छोटा कॅपॅसिटर असतो, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग. तो ही ये-जा जागच्या जागी भागवतो, म्हणून तारेतला प्रवाह कमी दिसतो. २०० वॅटच्या कूलरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा, ०.६५ असेल तर २३० व्होल्टवर तो सुमारे १.३ अँपिअर घेतो. पॉवर फॅक्टर ०.९५ केला की ०.९ अँपिअर. पण कूलर आधीही २०० वॅट खात होता आणि आताही २०० वॅटच खातो. पाच तासांत एक युनिट, डबा असो वा नसो. घरगुती मीटर युनिट मोजतं, म्हणजे किलोवॅट-तास. अँपिअरचं बिल येत नाही. घरातल्या वायरिंगमध्ये किंचित फरक पडत असेल, पण तो बिलात दिसण्याइतका नसतो.

माझ्यावरही विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा. घरातलं सगळं बंद करा, फ्रीजसुद्धा. फक्त कूलर चालू ठेवा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा १५ मिनिटं मोजा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. ३२०० असेल तर २०० वॅटचा कूलर १५ मिनिटांत १६० च्या आसपास भरतो. मग डबा लावून पुन्हा मोजा. व्होल्टेज वर-खाली होतं, म्हणून दोन-तीनदा करा. काकाजींच्या अंगणात आम्ही हेच केलं. आकडा हलला नाही.

व्होल्टेजचं एका वाक्यात: एवढा कॅपॅसिटर घराचं व्होल्टेज स्थिर करू शकत नाही, ते काम स्टॅबिलायझरचं.

कारखान्यांची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि माणूस फसतो तो तिथेच. जिनिंग, डाळमिल अशा मोठ्या ग्राहकांच्या बिलात पॉवर फॅक्टरचा हिशेब धरलेला असतो, म्हणून ते कॅपॅसिटर पॅनल बसवतात आणि त्यांचे पैसे खरंच वाचतात. तुमच्या घरगुती बिलात तो हिशेबच नाही.

राहिले ४० टक्के. नवीन वस्तूंनी वीज वाचतच नाही असं मी म्हणत नाही. जी वस्तू तेच काम कमी वॅटमध्ये करते, ती वाचवते. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या घरात घेतो, नव्या प्रकारच्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसेक. आमच्याकडे उन्हाळ्यात पंखा १६ तास फिरतोच. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला २१ युनिट, दोन पंख्यांमागे ४० च्या वर. ज्याचं बिल १३० युनिटवर जातं तो शंभराच्या आत येतो, आणि शंभरानंतर दर एकदम चढतो. कोणीही नवीन वस्तू विकायला आला की वॅट किती ते विचारा आणि स्टार लेबल पाहा. या डब्याला तसलं लेबल मिळतच नाही.

शेतातल्या मोटरसाठी तर हा दावा मला सहनच होत नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्याच्या योजनेत वीजबिल माफ आहे. मग कमी काय होणार? शिवाय मोटर थ्री फेजची, म्हणजे तीन तारांवर चालणारी, आणि डबा घरच्या एका फेजच्या प्लगचा.

खरा कॅपॅसिटर मात्र शेतात लावाच. लाइनच्या टोकाला आपल्याला व्होल्टेज मिळत नाही, मोटरची वायंडिंग जळते, उन्हाळ्यात डीपी, म्हणजे लाइनवरचा ट्रान्सफॉर्मर, जळून जाते आणि संत्र्याचा बहार पाण्यावाचून गळतो. कापसाच्या गाडीचा तो रस्ता म्हणजे ही लाइन आणि ही डीपी. कॅपॅसिटर ती ये-जा मोटरपाशीच भागवतो, म्हणून त्यांच्यावरचा भार उतरतो. पाच एचपीच्या मोटरला साधारण दोन केव्हीएआरचा (कॅपॅसिटरचं माप) थ्री फेज कॅपॅसिटर लागतो. एकट्याने लावून फार फरक पडत नाही, एका डीपीवरच्या सगळ्यांनी लावले की पडतो. त्याच वेळी लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच काढून टाका. त्याच्यामुळे सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीवर तो सगळा भार एकाच क्षणी येतो.

कॅपॅसिटर आयएसआय मार्कचा घ्या आणि वायरमनकडून स्टार्टरच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडून घ्या, म्हणजे मोटरसोबत तोही बंद होईल. आणि लाइट बंद केल्यावरही त्याला लगेच हात लावू नका, आत वीज साठलेली असते.