बोटांना मेंदूत बटणं नसतात

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: पाच बोटांची मेंदूत पाच वेगळी बटणं असतात, रोज अंगठ्याला एकेक बोट टेकवलं की झोपलेला मेंदू जागा होतो आणि लकवा जवळ फिरकत नाही. खाली 'दहा जणांना पाठवा' आहेच.

आधी बटणांचं बघू. १९३७ मध्ये पेनफिल्ड आणि बोल्ड्रे या मेंदूच्या डॉक्टरांनी जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून कुठून काय हलतं याची नोंद छापली. हाताला खरंच भरपूर जागा मिळाली, पण बोटांच्या जागा एकमेकींत शिरलेल्या निघाल्या. १९९३ मध्ये माकडांवरच्या प्रयोगातही तेच दिसलं: बोट कुठलंही हलो, पेशी मेंदूतल्या त्याच पट्ट्यातल्या कामाला लागतात. एक बोट हलवायचं तर बाकीच्यांना धरूनही ठेवावं लागतं. त्यातून बोटं सरळ करणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात. तळहात टेबलावर टेकवा, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून बघा. बहुतेकांची जेमतेम हलते, कारण या स्नायूंपासून बोटांकडे जाणाऱ्या दोऱ्या हाताच्या पाठीवर एकमेकींना जोडलेल्या असतात.

झोपलेला मेंदू हे तर थोतांडच. झोपेतसुद्धा तो काम करतो.

आता व्यायाम. १९८० मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. एकच बोट तसंच वाकवत राहिलं तर हालचालीच्या मुख्य पट्ट्यात तो वाढला. बोटांचा अवघड क्रम करायला लावल्यावर त्याच्या पुढचा, आखणी करणारा भागही कामाला लागला. तोच क्रम नुसता मनात म्हटला, तेव्हा फक्त आखणीचा भाग. म्हणजे आपल्याकडे हातावर मांडा वाढवत नेणारी, तो फाटायच्या आत तापल्या खापरावर टाकणारी बाई या मेसेजवाल्यापेक्षा मेंदूला कितीतरी जास्त काम देते. तिला कुणी फॉरवर्ड पाठवलेला नसतो.

सरावाने हात बसतो, हे खरं. पण १९९५ च्या एका प्रयोगात काही आठवडे घोटलेला क्रमच वेगाने जमू लागला. तीच बोटं, क्रम बदलला की फायदा गायब. मग बोटं टेकवून सगळा मेंदू कसा सुधारणार?

लकव्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. तो बहुतेकदा मेंदूतली रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने येतो. तिथे बीपी, साखर, तंबाखू यांचा हिशेब चालतो. झटका येऊन गेल्यावर फिजिओथेरपिस्ट बोटांचे व्यायाम करून घेतात, ते गेलेली हालचाल परत मिळवायला. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर बोटं मोजत बसू नका. सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्याकडे गावातून जिल्ह्याला पोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो.