रिकामी तक्रारपेटी हा समाधानाचा पुरावा नव्हे

मराठवाड्यातील उद्योगांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी ऑपरेटर असलेल्या माझ्या भाच्याला तो त्याच्याच सुपरवायझरने पाठवला, म्हणून उत्तर देणे भाग आहे. संदेशाचे म्हणणे असे की, व्यवस्थापन आणि कामगार यांच्यात दरी मुळी नाहीच. तक्रारपेटी वर्षभर रिकामी असते, वरिष्ठ दर महिन्याला शॉप फ्लोअरवर राउंड घेतात, आणि तरीही काम बिघडते ते इथल्या पोरांना कामाची सवय नसल्यामुळे आणि ती वरचेवर गैरहजर राहत असल्यामुळे.

यातला तक्रारपेटीचा मुद्दा सर्वांत घातक आहे. ही पेटी बहुधा टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी नोंदवणाऱ्या कार्यालयाच्या दाराशी, कॅमेऱ्यासमोर टांगलेली असते. कंत्राटी कामगाराचा गेटपास ठेकेदाराच्या शब्दावर चालतो. चिठ्ठीवरचे अक्षर ओळखले गेले, तर दुसऱ्या दिवशी गेटवर ‘यादीत नाव नाही’ एवढेच कानावर पडते आणि लेखी काहीच हाती येत नाही. भाचा ज्या प्रेसवर, म्हणजे दाब देणाऱ्या मशीनवर काम करतो, तिचा हात आत असताना मशीन थांबवणारा सेफ्टी सेन्सर अधूनमधून दगा देतो. तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरांना हे ठाऊक आहे, उत्पादनाची लाइन सांभाळणाऱ्या लाइन लीडरलाही ठाऊक आहे. पण मशीन बंद पडल्याची नोंद केली तर जाब लाइन लीडरलाच द्यावा लागतो, म्हणून तो वेळ रिपोर्टमध्ये ‘मटेरियल नव्हते’ या रकान्यात टाकला जातो. हाच रिपोर्ट वर जातो, आणि ज्या मशीनखाली रोज माणसाचे हात जातात, ती व्यवस्थापनाच्या लेखी ठणठणीत असते.

राउंडविषयी फार लिहावे असे काही नाही. आदल्या दिवशी पंखे दुरुस्त होतात, जमिनीवरचे पिवळे पट्टे रंगवले जातात, आणि कोणी काय बोलायचे हेही ठरवून दिले जाते.

गैरहजेरीबद्दलच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, ते मान्य करतो. सोयाबीनच्या काढणीत आणि लग्नसराईत पोरे गावाकडे जातात आणि लाइन अडते. मात्र हे दिवस दरवर्षी ठरलेले असतात, त्यामुळे शिफ्टची आखणी आधी करता येते. शिवाय गैरहजेरी हा कामगाराच्या मातीचाच दोष असता, तर फ्रीमाँटमध्ये जे घडले ते घडलेच नसते. कॅलिफोर्नियातला जनरल मोटर्सचा हा कारखाना 1982 मध्ये बंद पडला, तेव्हा गैरहजेरी 20 टक्क्यांच्या घरात होती. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी जुनेच होते आणि संघटनाही तीच होती. फरक असा की, अडचण दिसताच लाइनलगतची दोरी ओढून मदत मागण्याची आणि गरज पडल्यास लाइन थांबवण्याची मुभा प्रत्येक कामगाराला मिळाली, आणि दोरी ओढणाऱ्याला जाब न विचारता टीम लीडर मदतीला येऊ लागला. गैरहजेरी 2 टक्क्यांच्या आसपास आली.

आपल्याकडेही मार्ग नाही असे नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 100 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींच्या कार्यसमितीची तरतूद होती. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे, आणि 20 किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. हा संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने आपल्या कारखान्यात ही समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि तिच्यात कामगारांच्या बाजूने कोण बसले होते, हे त्याच गटावर लिहावे.